तुमच्या कॉलेजचा संघ डिव्हिजन थ्रीत खेळतो? मग कॉन्फरन्सचा सीझन असा पाहा

दर ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून मुलंमुली एमएससाठी अमेरिकेत येतात. कार्नेगी मेलन, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, केस वेस्टर्न, जॉन्स हॉपकिन्स, एमआयटी, हडसनकाठचं स्टीव्हन्स ही नावं आपल्या घरांत आता चांगलीच ओळखीची झाली आहेत. या प्रत्येक ठिकाणी बास्केटबॉलचा एक संघ आहे आणि तो थंडीचे चार महिने जीव तोडून खेळतो. त्याचा सामना बघायला बहुतेकदा खोलीपासून चालत जाता येतं. तरीही दोन वर्षं काढून नोकरीला लागलेल्या अनेकांना याचा पत्ताच नसतो. मला याची फार हळहळ वाटते, म्हणून हे लिहायला बसलो.

मी पिट्सबर्गला शिकायला आलो तेव्हा जानेवारीतल्या एका संध्याकाळी बाहेर बर्फ पडत होता, म्हणून जिममध्ये शिरलो. ओळखपत्र दाखवलं आणि आत गेलो. कोर्ट इतकं जवळ होतं की खेळाडूंचं एकमेकांना ओरडून सांगणंही ऐकू येत होतं. त्या संध्याकाळनंतर एकही सीझन चुकवलेला नाही. दरवर्षी दोनतीन नव्या मुलांना सोबत घेऊन जातो. वाटेत त्यांना जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी थोडी ओळख. अमेरिकेतलं कॉलेजांचं बहुतांश बास्केटबॉल एनसीएए ही संस्था चालवते. तिचे तीन विभाग आहेत आणि ही विभागणी १९७३ सालची. मार्चमध्ये टीव्हीवर धुमाकूळ घालतो तो डिव्हिजन वन. डिव्हिजन थ्री हा संख्येने सर्वांत मोठा विभाग, ४०० हून अधिक कॉलेजांचा, आणि इथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. खेळाडूला गरजेवर किंवा गुणांवर आर्थिक मदत मिळेल, पण ती बास्केटबॉलसाठी नाही. काल रात्री २० पॉइंट काढणारा मुलगा आज सकाळी तुम्ही टीए, म्हणजे शिकवायला मदतनीस, असलेल्या सेक्शनमध्ये पहिल्या बाकावर असू शकतो.

म्हणून खेळ कच्चा असेल असं समजू नका. डंकन रॉबिन्सन २०१४ साली विल्यम्स कॉलेजकडून डिव्हिजन थ्रीची फायनल खेळला. तो सामना विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरने ७५-७३ असा जिंकला. पुढे तो मिशिगनला गेला आणि तिथून एनबीएत पोहोचला. सॅन अँटोनिओला एनबीएची पाच विजेतेपदं मिळवून देणारे ग्रेग पॉपोविच आधी कॅलिफोर्नियातल्या पोमोना-पिट्झर या छोट्या कॉलेजांच्या संघाचे कोच होते.

पहिली पायरी: कॉन्फरन्स ओळखा, आणि दोन हिशेब वेगळे ठेवा

कॉन्फरन्स म्हणजे आपसांत नेमाने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. तुमच्या कॉलेजच्या क्रीडाविभागाच्या पानावर तिचं नाव असतं. कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, एनवाययू, एमरी, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, शिकागो आणि ब्रँडाइस ही मंडळी युनिव्हर्सिटी अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे यूएएमध्ये भेटतात. न्यू इंग्लंडमधली ॲमहर्स्ट, विल्यम्स, टफ्ट्स, ट्रिनिटी अशी अकरा कॉलेजं नेस्कॅकमध्ये आहेत. विस्कॉन्सिनच्या सरकारी विद्यापीठांची डब्ल्यूआयएसी १९१३ पासूनची. मिशिगनची एमआयएए तर १८८८ ची, म्हणजे बास्केटबॉल या खेळाचा शोध लागण्याच्याही आधीची.

प्रत्येक संघाच्या नावापुढे दोन आकडे दिसतील. एक एकूण जय-पराजयांचा, दुसरा फक्त कॉन्फरन्समधला. नवा माणूस पहिला बघतो, जुना दुसरा. या दोहोंत किती अंतर पडू शकतं हे समजून घ्यायचं तर कॅलटेकची गोष्ट ऐकायला हवी. नोबेल विजेत्यांच्या या संस्थेच्या संघाने २००७ साली बार्ड कॉलेजला ८१-५२ हरवलं आणि डिव्हिजन थ्रीच्या संघांविरुद्धची सलग २०७ पराभवांची मालिका संपवली. मोठा जल्लोष झाला. पण स्वतःच्या कॉन्फरन्समधला विजय अजून दूरच होता. त्या खात्यात १९८५ पासून एकही जय नव्हता. तो आला २२ फेब्रुवारी २०११ ला, सीझनच्या शेवटच्या सामन्यात, घरच्या कोर्टवर, ऑक्सिडेंटल कॉलेजविरुद्ध ४६-४५ असा. त्याआधी कॉन्फरन्समध्ये सलग ३१० पराभव झाले होते. बाहेरच्या संघाला गाठता येतं, पण जो शेजारी तुम्हाला दरवर्षी बघतो, तुमचा प्रत्येक डाव ओळखतो, त्याला हरवायला सव्वीस वर्षं लागली.

दुसरी पायरी: पंचांग

सीझन नोव्हेंबरात सुरू होतो. नियमित सीझनला साधारण २५ सामने असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बहुतेक कॉन्फरन्सबाहेरचे, आणि खरी लढाई जानेवारी-फेब्रुवारीत. डिसेंबरअखेर विद्यार्थी घरी जातात तेव्हा वसतिगृहं ओस पडलेली असतात, पण खेळाडू लवकर परततात आणि रिकाम्या कॅम्पसवर सराव करतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातले सामने अर्ध्या रिकाम्या जिममध्ये होतात. त्यात घरच्या संघाचा फायदा बराच ओसरतो, हे डोक्यात ठेवा.

प्रत्येक कॉन्फरन्सचा ताल वेगळा. मिडवेस्टमध्ये बहुतांश ठिकाणी बुधवार आणि शनिवार. नेस्कॅकमध्ये शुक्रवारी रात्री एक आणि शनिवारी दुपारी दुसरा. यूएएची शहरं दूरदूर, म्हणून विमानप्रवास, आणि सामने शुक्रवारी व रविवारी. अनेक सीझन असे गेले की शुक्रवारी अटलांटात एमरीशी खेळायचं आणि रविवारी पार उत्तरेला रॉचेस्टरमध्ये. रविवारचा संघ जड पावलांनी पळताना दिसला तर कोचवर तुटून पडण्याआधी त्याची शुक्रवारची रात्र कुठे गेली ते बघा.

महाराष्ट्रातून आपल्या मुलाच्या कॉलेजचा सामना बघणारे आईवडीलही मला माहीत आहेत, त्यांच्यासाठी एक हिशेब. थंडीत न्यूयॉर्क-पिट्सबर्गची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तिथला बुधवारी संध्याकाळी सातचा सामना महाराष्ट्रात गुरुवारी पहाटे साडेपाचला, म्हणजे पहिल्या चहासोबत. शनिवारी दुपारी दोनचा मात्र मध्यरात्रीनंतर साडेबाराला. प्रक्षेपण बहुतेकदा कॉलेजच्या संकेतस्थळावर असतं, अनेक ठिकाणी फुकट, काही कॉन्फरन्सेसमध्ये पैसे भरून. समालोचन करणारी मुलं बऱ्याचदा विद्यार्थीच असतात. त्यांना खेळाडूंबद्दल बरंच ठाऊक असतं, म्हणून आवाज बंद करू नका.

तिसरी पायरी: जिममध्ये जाऊन बसा

पहिला सामना स्क्रीनवर बघू नका. जा. पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तमच्या फेऱ्यांना घसा बसेपर्यंत ओरडलेल्या माणसाला ही हवा चटकन ओळखू येईल. हॉल छोटा, प्रेक्षक निम्मे ओळखीचे, आणि समोर जे चाललंय त्याच्याशी प्रत्येकाचं काहीतरी नातं.

शक्यतो घरच्या संघाच्या बेंचसमोर, थोडं वर बसा. तिथून दोन्ही टोकं दिसतात आणि कोच कोणाला हाक मारतो तेही कळतं.

शाळेत किंवा जिल्हा संघात खेळलेल्यांनी एवढे फरक लक्षात ठेवावेत. आपल्याकडे दहा मिनिटांचे चार डाव असतात. इथे पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये वीस मिनिटांचे दोन हाफ. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायची मुदत, २४ ऐवजी ३० सेकंदांचं. थ्री-पॉइंटची रेषा २०२०-२१ पासून आंतरराष्ट्रीय रेषेएवढीच, ६.७५ मीटरवर. सर्वांत गोंधळवणारा नियम फाउलचा. एका हाफमध्ये संघाचा सातवा फाउल झाला की समोरच्याला ‘वन अँड वन’ मिळतो, म्हणजे पहिला फ्री थ्रो जमला तरच दुसरा. दहाव्यापासून सरळ दोन. त्यामुळे बारा मिनिटं शिल्लक असताना एखाद्या संघाचे सहा फाउल झालेले दिसले की जुने प्रेक्षक पुढे सरकून बसतात. बचाव आता हात आखडता घेणार आणि आक्रमण सरळ रिंगकडे घुसणार, हे त्यांना ठाऊक असतं. स्कोअरबोर्डवर पॉइंटच्या शेजारचा तो छोटा आकडा वाचायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

पहिल्या सामन्यात चेंडूमागे धावणाऱ्या नजरेला थोडं आवरा. प्रत्येक पझेशनला, म्हणजे चेंडू एका संघाकडे असतो तेवढ्या वेळात, चेंडूपासून लांब असलेला एकच खेळाडू धरा आणि तो काय करतो ते बघा. स्क्रीन लावतो, म्हणजे सहकाऱ्याच्या बचावपटूची वाट अडवतो, की नुसता उभा राहतो? कोपऱ्यात जाऊन आपल्या बचावपटूला रिंगपासून लांब नेतो का? दहा मिनिटांत संघाची रचना कळायला लागते.

चौथी पायरी: बॉक्स स्कोअर वाचायला शिका

सामना संपल्यावर काही मिनिटांत बॉक्स स्कोअर, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचे आकडे देणारा कागद, निघतो. चर्चेत वजन हवं असेल तर याच्याशी दोस्ती करावी लागेल. म्हणून इथे जरा थांबू.

‘अमक्याने २४ पॉइंट काढले’ हे वाक्य एकटं फारसं काही सांगत नाही. किती शॉट घेऊन, आणि सामना किती वेगाने चालला होता, हे दोन प्रश्न लगेच विचारायचे. याचं टोकाचं उदाहरण आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचं. २० नोव्हेंबर २०१२ ला ग्रिनेलच्या जॅक टेलरने एकट्याने १३८ पॉइंट काढले. तो एनसीएएचा विक्रम आहे. पण त्यासाठी त्याने १०८ शॉट घेतले, त्यातले ७१ थ्री-पॉइंटचे. सामना १७९-१०४ असा संपला आणि हरलेल्या संघाच्या एका खेळाडूनेही ७० काढले. ग्रिनेलची पद्धतच अशी होती की पाचपाच जण एकदम बदलत राहायचे, समोरच्यावर पूर्ण कोर्टभर दबाव टाकायचा आणि लगेच शॉट घ्यायचा. शिवाय प्रतिस्पर्धी होतं एनसीएएबाहेरचं एक छोटं बायबल कॉलेज. हा सामना कॉन्फरन्सचा नव्हता. टेलरच्या हिमतीला दाद द्या, पण कॉन्फरन्समधल्या खेळाडूशी तुलना करायची वेळ आली तर ही संध्याकाळ बाजूला ठेवा.

मग वेग कसा मोजायचा? संघाने चेंडू किती वेळा ताब्यात घेतला, याचा अंदाज काढायचा. कृती सोपी आहे. शॉटचे एकूण प्रयत्न घ्या. त्यातून आक्रमणातले रिबाउंड, म्हणजे स्वतःच्याच हुकलेल्या शॉटनंतर परत मिळवलेले चेंडू, वजा करा. टर्नओव्हर, म्हणजे शॉट न घेताच गमावलेले चेंडू, मिळवा. मग फ्री थ्रोंच्या प्रयत्नांना ०.४४ ने गुणून तेही मिळवा. समजा, तुमच्या संघाने ६० शॉट घेतले, आक्रमणातले १० रिबाउंड मिळवले, १२ टर्नओव्हर केले आणि २० फ्री थ्रो मारले. ६० वजा १० अधिक १२ अधिक ८.८, म्हणजे साधारण ७१ पझेशन. आता ७८ पॉइंट झाले असतील तर दर पझेशनला १.१० पॉइंट पडले. हे चांगलं आक्रमण. तेच ७८ पॉइंट ८५ पझेशनमध्ये काढले असते तर ०.९२ पडले असते, आणि मग संघ वेगवान आहे एवढंच म्हणता आलं असतं.

दुसरा हिशेब शॉटच्या टक्केवारीचा. वरच्याच संघाचे ६० पैकी २७ शॉट पडले असतील तर कागदावर ४५ टक्के. पण त्यातले ९ थ्री-पॉइंट असतील तर त्यांना दीडपट मोल द्यायला हवं. २७ मध्ये ९ चे निम्मे, साडेचार, मिळवा. झाले ३१.५. त्याला ६० ने भागलं की ५२.५ टक्के. हा आकडा खरा. दोन संघांची तुलना नेहमी याच्यावर करा.

आणि बेंचवरून आलेल्यांची मिनिटं वाचा. कोणाची मिनिटं १२ वरून १९ वर गेली आहेत, कोणाची २८ वरून १७ वर उतरली. छोट्या कॉलेजांत दुखापतीची बातमी सहसा कुठे छापून येत नाही, ती इथे दिसते. फक्त त्यावरून कारणांच्या कंड्या पिकवू नका.

पाचवी पायरी: दुसऱ्या भेटीसाठी वही ठेवा

कॉन्फरन्सचा सगळा रस माझ्या मते इथे आहे. यूएए किंवा डब्ल्यूआयएसीसारख्या कॉन्फरन्समध्ये प्रत्येकाशी दोनदा गाठ पडते, एकदा घरी आणि एकदा त्यांच्याकडे. पहिल्या भेटीत जे घडलं त्याचं व्हिडिओ दोन्ही कोच बारकाईने बघतात. दुसऱ्या भेटीला कोणीच कोणाला नवखा नसतो. बाहेरच्या संघाशी खेळलेला सामना त्या रात्रीच संपतो. कॉन्फरन्समधला सामना तीन-चार आठवडे मनात तसाच उघडा राहतो.

म्हणून पहिल्या भेटीनंतर त्याच रात्री चारपाच ओळी लिहून ठेवा. त्यांच्या सर्वांत धोकादायक खेळाडूवर आपण कोणाला ठेवलं? पिक अँड रोलला (एकाने स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळणं) त्यांचा उंच खेळाडू बाहेर आला की मागे थांबला? कोणत्या वेळी त्यांनी झोन (माणसाऐवजी जागा धरून केलेला बचाव) लावला, आणि आपल्याला तो फोडायला किती वेळ लागला? बेंचवरचा कोण अनपेक्षितपणे चालला? एवढं बास.

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. पहिल्या भेटीत आमच्या सेंटरने, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूने, रिंगखाली त्यांच्या नाकी नऊ आणले होते. एकास एक, पाठ लावून, वळून शॉट. दुसऱ्या भेटीच्या पहिल्याच पझेशनला त्याच्याकडे चेंडू गेला आणि बेसलाइनच्या, म्हणजे रिंगमागच्या रेषेच्या, बाजूने दुसरा बचावपटू धावत आला. सेंटरने चेंडू बाहेरच्या सहकाऱ्याकडे फेकला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. आता सामना कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका दुसऱ्या वर्षाच्या मुलाच्या हातात होता, कारण त्याच्यावरचाच माणूस मदतीला जात होता. पहिले तीन शॉट हुकले. चौथा पडला, पाचवा पडला, आणि त्यांच्या कोचला दुसरा माणूस पाठवणं थांबवावं लागलं. मग सेंटर पुन्हा मोकळा झाला. स्कोअरबोर्ड बघणाऱ्याला ही कहाणी दिसली नसती. शेजारी बसलेल्या, गेली तीस वर्षं येणाऱ्या एका आजोबांना मी वही दाखवली. त्यांनी पुढचा अर्धा तास मला त्या कोचच्या जुन्या सवयी सांगितल्या. त्या अर्ध्या तासात जे शिकलो ते कुठल्याच आकडेवारीत नव्हतं.

म्हणून दुसऱ्या भेटीची पहिली चार मिनिटं डोळ्यांत तेल घालून बघा. कोचने काय बदललं ते तिथेच कळतं.

नेस्कॅकची गोष्ट वेगळी. तिथे अकरा संघ एकमेकांशी एकदाच खेळतात, दहा सामने आणि हिशेब संपला. उट्टं काढायला कॉन्फरन्सच्या स्पर्धेची वाट बघावी लागते. पण ॲमहर्स्ट, विल्यम्स आणि वेस्लियन या तिघांचं जुनं वैर असं की ते आपसांत आणखी एकदा खेळतात, आणि तो सामना कॉन्फरन्सच्या तक्त्यात धरला जात नाही. नवे लोक इथे हमखास चुकतात. निकाल बघून तक्ता बदलला असं समजतात.

शेजाऱ्यांची चुरस कुठवर जाते याचा नमुना मिशिगनमध्ये आहे. हॉलंड गावातलं होप कॉलेज आणि ग्रँड रॅपिड्समधलं कॅल्विन. दोन्ही डच प्रोटेस्टंट परंपरेतली, मध्ये जेमतेम पन्नास किलोमीटर. १९२० पासून ते एकमेकांशी खेळत आहेत आणि २०० हून अधिक सामने झाले आहेत. १९९७ साली त्यांच्या एका सामन्याला ११ हजारांहून अधिक लोक आले होते. त्या भागात नोकरीला असाल तर जानेवारीतच त्यांच्या दोन्ही सामन्यांच्या तारखा लिहून ठेवा. एकाच घरात भाऊ होपचा आणि बहीण कॅल्विनची असे लोक तुम्हाला शेजारच्या खुर्चीवर भेटतील.

सहावी पायरी: तक्ता वाचा, मग भाकीत करा

जानेवारीच्या मध्याला तक्ता फसवतो. एक संघ ५-१ असतो कारण त्याचे चार सामने घरी झाले. दुसरा ४-२, पण त्याचे चार बाहेर झालेले. यावर जुन्या प्रेक्षकांची साधी युक्ती आहे. बाहेर जाऊन जिंकलं की अधिक एक. घरी हरलं की उणे एक. घरचा विजय आणि बाहेरचा पराभव दोन्ही शून्य. प्रत्येक संघाची बेरीज काढा, आणि पारडं खरंच कोणाचं जड आहे ते दिसेल. चौदा सामन्यांच्या कॉन्फरन्समध्ये घरचे सातही जिंकले आणि बाहेरचे निम्मे काढले तर दहा-अकरा विजय होतात, आणि तेवढे असले की संघ शर्यतीत असतो.

कॉन्फरन्सच्या शेवटच्या स्पर्धेत किती संघ जातात हे ठिकाणानुसार बदलतं, कुठे चार, कुठे सहा, कुठे आठ. वरच्या क्रमांकाला घरचं कोर्ट मिळतं. बरोबरी झाली तर बहुधा आधी आपसांतले निकाल बघतात, मग वरच्या संघांविरुद्धची कामगिरी. तुमच्या कॉन्फरन्सचा नियम एकदा नीट वाचून काढा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो ठाऊक असलेल्या माणसाच्या भोवती सगळे जमतात. यूएए इथेही वेगळी. तिथे शेवटची स्पर्धा नसते, नियमित सीझनचा विजेता तोच विजेता. जानेवारीत घरी हरलेला एक सामना तिथे मार्चपर्यंत सलतो.

राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ असतात. कॉन्फरन्सच्या विजेत्याला थेट जागा मिळते आणि उरलेल्या थोड्या जागांसाठी रस्सीखेच होते. २०२४-२५ पासून ही निवड एनपीआय नावाच्या गणितावर होते. त्यात जय-पराजय आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद धरतात, किती फरकाने जिंकलात ते नाही. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला २० ने पुढे असलेल्या कोचने बेंचवरच्या सगळ्यांना खेळायला उतरवलं तर कुरकुर करू नका. ज्यांना पूर्ण सीझन चार मिनिटं मिळत नाहीत त्यांना ती मिळू द्या. टाळ्या त्यांच्यासाठी जोरात वाजवा.

डीथ्रीहूप्स या संकेतस्थळाची टॉप २५ संघांची यादी दर आठवड्याला चर्चेत असते. वाचा, आवडेल. पण तो मतदारांचा कौल आहे, त्याने कोणाला जागा मिळत नाही.

भाकीत करताना संघाचं नाव घेण्याआधी कारण सांगा. ‘ते जिंकतील’ यावर बोलणं पुढे जात नाही. ‘त्यांचा पॉइंट गार्ड लवकर फाउलमध्ये अडकतो आणि त्यांच्याकडे चेंडू सांभाळणारा दुसरा कोणी नाही’ म्हटलं की समोरचा खुर्ची ओढून बसतो.

बोलताना एवढं सांभाळा

ही मुलं अठरा ते बावीस वर्षांची आहेत. पगार नाही, खेळाची शिष्यवृत्ती नाही. रात्री अकराला बसने परतून सकाळी आठला लॅब गाठतात. एकदा आमच्या बाजूने कोणीतरी पाहुण्या संघाच्या एका मुलाला फ्री थ्रोच्या वेळी फार लागेल असं ओरडलं. मी हसलो. पुढच्या रांगेत बसलेल्या बाई मागे वळल्या नाहीत. पण सामना संपल्यावर तोच मुलगा घामेजल्या अंगाने येऊन त्यांना बिलगला. पाच तास गाडी चालवून त्या मुलाचा सामना बघायला आल्या होत्या. छोट्या जिममध्ये तुमच्या आसपास नेहमीच कोणाची तरी आई बसलेली असते. कोचच्या डावपेचांवर हवा तेवढा वाद घाला, रेफरीच्या निर्णयावर उसासे टाका. मुलाचं नाव घेऊन त्याला खाली पाडणारं वाक्य तोंडावर आलं तर गिळून टाका. आपल्या संघाच्या मुलाबद्दल तर त्याहून जास्त.

आणि पाहुण्यांच्या पालकांशी बोला. ‘तुमचा कोणता नंबर?’ एवढं विचारलं की पुरे. त्यांच्याकडून त्यांच्या संघाबद्दल जे कळतं ते तुमच्या वहीत दुसऱ्या भेटीसाठी सोन्यासारखं असतं.

शेवटचे दोन आठवडे

फेब्रुवारीतल्या घरच्या शेवटच्या सामन्याला ‘सीनियर नाइट’ म्हणतात. वीस मिनिटं आधी पोहोचा. चौथ्या वर्षाचा प्रत्येक खेळाडू आईवडिलांचा हात धरून कोर्टच्या मध्यावर येतो, नाव पुकारलं जातं, जिम उभं राहतं. यातले जवळपास सगळे यानंतर स्पर्धात्मक बास्केटबॉल कधीच खेळणार नसतात. जूनमध्ये कोणी बँकेत, कोणी शाळेत शिकवायला, कोणी पुढे डॉक्टर व्हायला. नेमका त्या रात्री प्रतिस्पर्धी बऱ्याचदा जानेवारीत हरवून गेलेलाच असतो. कार्नेगी मेलन आणि केस वेस्टर्नसारख्या शेजारी जोड्यांची यूएएत गाठ अनेकदा अगदी शेवटच्या आठवड्यात पडते, आणि बसने दोन-सव्वादोन तासांत पोहोचता येत असल्याने पाहुण्यांचेही लोक भरपूर येतात.

संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला तर पहिल्या फेऱ्या कॉलेजांच्या जिममध्येच होतात, चारचार संघांच्या गटांत, शक्यतो बसने गाठता येईल इतक्या अंतरावर. गाडी असलेला मित्र आधीच पटवून ठेवा आणि थेपले-चटणी सोबत घ्या, कारण सामने एकामागून एक असतात आणि मधल्या वेळात बाहेर जाऊन खायला सवड मिळत नाही.

सीझन संपल्यावर संघाची यादी उघडा आणि चौथ्या वर्षाच्या मुलांची नावं खोडा. उरलेल्यांपुढे त्यांची मिनिटं लिहा. कोपऱ्यातून शॉट मारणारा तो दुसऱ्या वर्षाचा मुलगा आता तिसऱ्या वर्षात जाईल, आणि नोव्हेंबरात चेंडू कोणाकडे जाणार याची पहिली खूण तुमच्याकडे मार्चमध्येच असेल.